अनुदानाची दोरी

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्द कोठेही येत नाही. संघराज्य सरकारकडे न सोपवलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात, असे दहावी घटनादुरुस्ती सांगते. त्यामुळे शाळा हा तेथे राज्यांचा आणि स्थानिक शाळामंडळांचा विषय ठरला, आणि वॉशिंग्टनला वर्गात शिरण्याची वाट मिळाली ती शिक्षणातून नव्हे, तर 1868च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने दिलेल्या, कायद्याच्या समान संरक्षणाच्या हमीतून.

या हमीच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली ब्राउन खटल्यात वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या खऱ्या, पण पुढच्या वर्षीच्या अंमलबजावणीच्या आदेशात निश्चित मुदत घातली नाही. 1957 साली आर्कान्सातील लिटल रॉकमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले, तर व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने एकत्र शाळा चालवण्यापेक्षा 1959 ते 1964 या काळात सरकारी शाळाच बंद ठेवल्या. निकालाला दहा वर्षे झाली तरी दक्षिणेत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी कृष्णवर्णीय मुले शेकडा तीनही भरत नव्हती.

चित्र पालटले ते दोन कायद्यांच्या जोडणीने. 1964च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण वा मूळ राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली. पण जिथे अनुदानच तुटपुंजे तिथे ते तुटण्याची भीती कोणाला वाटणार? 1965च्या शिक्षण कायद्याने गरीब मुलांसाठी मोठा निधी शाळांकडे वळवला, तेव्हा कुठे त्या मनाईला वजन आले. हीच अट पुढे 1972 साली लिंगभेदाला आणि 1973च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम 504ने अपंगत्वावरून होणाऱ्या भेदभावाला लागू झाली. अर्थात हक्क कागदावर आला म्हणजे हाती आला असे नाही. कलम 504चे नियम निघावेत म्हणून अपंग कार्यकर्त्यांना 1977 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडावे लागले.

अनुदानाची ही दोरी मात्र दोन्हीकडे काचते. अनुदान खरोखर थांबवले तर पहिली झळ त्याच गरीब मुलाला बसते, ज्याच्यासाठी ते दिले गेले. म्हणून शिक्षण खात्याचे नागरी हक्क कार्यालय तक्रार घेते, चौकशी करते आणि बहुधा शाळेकडून सुधारणेचा लेखी करार करून घेते. निधी तोडण्याआधी सुनावणी आणि अमेरिकी काँग्रेसला अहवाल हे टप्पे कायद्यानेच घातले आहेत. शालेय खर्चात संघराज्याचा वाटा साधारण दहा टक्केच असतो, म्हणजे या व्यवस्थेचे बळ रकमेपेक्षा धाकात अधिक आहे, आणि धाक टिकतो तो तपास करणाऱ्या माणसांवर.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2001च्या सँडोव्हल निकालानंतर तर प्रशासनावरचे हे अवलंबित्व वाढले. हेतुपुरस्सर भेदभावाविरुद्ध व्यक्ती अजूनही न्यायालयात जाऊ शकते, परंतु वरकरणी निःपक्ष दिसणाऱ्या नियमाचा परिणाम विषम होत असेल, तर सहाव्या प्रकरणाखाली तिला स्वतः दावा लावता येत नाही. ते काम प्रशासनाचे. त्याच प्रशासनाने मार्च 2025मध्ये नागरी हक्क कार्यालयाच्या बारा प्रादेशिक शाखांपैकी सात बंद करण्याचा निर्णय घेतला.