ऐंशी दिवस

गेल्या डिसेंबरात चुलत बहिणीचा रात्री साडेदहाला फोन आला. "दादा, ऑफर लेटर आलंय. आणि मला तिसरा महिना संपत आलाय. त्यांना सांगू का?"

सांगितलं तर ऑफर जाईल, नाही सांगितलं तर आपण फसवलं असं वाटत राहील. मी इंजिनिअर माणूस, नैतिक प्रश्न आला की आधी आकडे मांडतो. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. अट एकच: बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेलं हवं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही अट तशीच आहे. इथे 'त्याच' हा शब्द महत्त्वाचा. आधीच्या कंपनीत घासलेली तिची पाच वर्षं या हिशोबात शून्य.

दोन महिने नोटीस पिरियड. म्हणजे विसाव्या आठवड्यात रुजू होणार, पुढे उरतात वीस आठवडे. आठवड्याचे पाच धरले तर 100 दिवस. बाळंतपणाआधी चार आठवडे रजा घेतली की बरोबर 80. कायद्याने पगारी ठरवलेल्या सुट्ट्या मोजणीत धरतात, तेवढाच दिलासा. मधे आठ दिवस ताप आला तर?

आणि 80 च का? 79 दिवस भरलेल्या बाईचं बाळ रात्री कमी रडतं का? या आकड्यामागचा विचार असा की रजा ही कमाई आहे. आधी घाम गाळा, मग विसावा मागा. बोनसला हे शोभतं. बाळंतपण कंपनीचं कॅलेंडर बघून येत नाही.

पण दुसरी बाजू मला चांगली ठाऊक आहे, कारण मी त्या बाजूला बसलोय. एका आधीच्या नोकरीत मुलाखतीच्या पॅनेलवर होतो. उमेदवार बाई हुशार होती, नुकतं लग्न झालेलं. ती बाहेर गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "प्रोजेक्ट जूनमध्ये लाइव्ह जायचाय." पुढे कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या उमेदवारापुढे टिक केली, त्यात माझीही होती. आम्ही कुणी राक्षस नव्हतो. सहा महिन्यांचा पगार कंपनीच्याच खिशातून जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं, एवढंच.

हा खिसा कुणाचा असावा हा वाद जुना आहे. जुलै 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी तो थेट मांडला होता. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळण्यात देशाचं हित आहे, म्हणून मोठा भार सरकारने उचलावा. पण बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून तोही पूर्ण सुटत नाही. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला, पण भार मालकावर पडला. आज ईएसआय लागू असलेल्या कारखान्यात 21 हजारांपर्यंत पगाराच्या कामगार बाईला ही रक्कम विम्याच्या निधीतून मिळते. त्यात सगळ्यांची वर्गणी असते, एकट्या मालकावर बिल येत नाही. वरच्या पगाराला ते एकाच टेबलावर येतं, आणि त्या टेबलाशी बसलेली माणसं मुलाखतीत "लग्न झालंय का?" विचारतात.

म्हणून बहिणीला म्हणालो, आधी सही कर, रुजू होण्याआधी सांग. मुलाखतीत हे सांगायलाच हवं असं कायद्याचं बंधन नाही. कामाची आखणी करायला त्यांना माहिती हवी, हे मान्य. तीच माहिती वापरून तुला वगळायचा हक्क त्यांना नाही. हे उत्तर पूर्ण स्वच्छ आहे असं मला अजूनही वाटत नाही.

हिची आई, माझी काकू, पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जायची. दिवाळीच्या सुमारास निघायचं, उन्हाळ्याच्या तोंडावर परत. 80 दिवस तर संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत भरायचे. पण मालक कोण? उचल मुकादमाने दिलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, कारखाना म्हणणार ही मुकादमाची माणसं. बहीण कारखान्याच्या तळावरच कोपीत जन्मली. बाराव्या दिवशी काकू मोळ्या बांधायला फडात, कारण खाडा पडला की उचलीतून कापायचे. 2019 मध्ये शेजारच्या बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारने समिती नेमली. पाळीसाठी, पोटदुखीसाठी खाडा परवडत नाही, हे काकूला तेव्हा कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बहिणीने सही केली आणि दोन दिवसांनी एचआरला मेल टाकला. उत्तर आलं: अभिनंदन, अपेक्षित तारीख कळवा. काकूला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सहा महिने घरी बसायचं, आन् खाडा धरत न्हाईत?"

"न्हाई धरत," बहीण म्हणाली. "पण आधी ऐंशी दिवस भरावे लागतात."

"तेवढं तर भरशीलच की," काकू म्हणाली, आणि कोणत्या महिन्यात किती सुट्ट्या येतात ते बघायला भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेतलं.