पाखरांचा समय आणि आपले अंगण

(शास्त्रपाठ : यिर्मया ८:७)

यिर्मया संदेष्ट्याने आपल्या लोकांस दोष दिला तो पाखरांकडे बोट दाखवून. करकोचा, होला, निळवी ह्यांस आपल्या येण्याजाण्याचा काळ समजतो, पण लोकांस देवाचा न्याय समजत नाही, असे त्याचे गाऱ्हाणे आहे. त्याचा देश करकोच्यांच्या मोठ्या वाटेवर आहे. वसंतात आफ्रिकेहून उत्तरेस जाणारे त्यांचे थवे आजही त्या देशावरून जातात. ज्याने कधी मान वर केली नाही, त्याच्या मुखी असा दाखला येणार नाही.

ठाणे शहरात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारे एक ख्रिस्ती कुटुंब आम्हांस ठाऊक आहे. दोन खोल्या, पुढे लहानसा ओटा, आणि ओट्यासमोर एक काटेसावर. ह्या एका झाडावर त्यांचे वर्ष चालते. माघ-फाल्गुनात पाने झडून तांबडी फुले आली की साळुंक्या, कोतवाल व सूर्यपक्षी मधासाठी पहाटेपासून भांडतात, आणि मुले दात घासता घासता ते भांडण पाहतात. ज्येष्ठाच्या तोंडी पावशा ओरडू लागतो. तो 'पेर्ते व्हा' म्हणतो, हे शेतकऱ्यास आम्ही सांगावयास नको. त्याच सुमारास पावसाच्या वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आफ्रिकेतून चातक येतो, व आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात ठेवून मोकळा होतो. (ह्या वागण्यावरून मुलांनी पित्यास पुष्कळ प्रश्न विचारले. पित्याने उत्तर देण्याची घाई केली नाही, हे आम्हांस आवडले.) पावसाच्या आधी काही रात्री काजवे चमकतात. काजव्याचा प्रकाश ही जोडीदारासाठी खूण असते, आणि आपल्या दिव्यांच्या उजेडात ती हरवते. म्हणून त्या रात्री हे कुटुंब ओट्यावरचा दिवा मालवून प्रार्थनेस बसते. पुढे पाऊस सरता सरता शेपटी हालवीत परीट येतो, आणि हिवाळ्यात खाडीच्या चिखलात गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्या खाडीस २०१५ साली अभयारण्य ठरविण्यात आले.

परंतु सारेच काही गोड नाही. हा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या त्या रानात बिबळे राहतात, आणि २००४ साली त्या रानाच्या आसपास त्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मेली. ह्या घरच्या आईने काही काळ मुलांस ओट्यावर पाऊल टाकू दिले नाही. तिचे भय आम्ही हलके मानीत नाही. 'देव राखील' असे म्हणून लेकरास अंधारात सोडणे, ह्यास आम्ही विश्वास म्हणणार नाही. पुढे जाणत्या लोकांकडून तिला समजले की उकिरड्यावर कुत्री जमतात व कुत्र्यांच्या मागे बिबळ्या येतो. तेव्हा तिने आळीतल्या बायांस जमवून कचरा झाकून ठेवण्याची रीत घातली. दिवेलागणीस मुले घरात असतात; रानाकडची खिडकी मात्र तिने आता उघडी ठेवली आहे. जुन्नरकडच्या उसाच्या शिवारात राहणाऱ्या आमच्या वाचकांस हे भय व ही सावधगिरी दोन्ही परिचयाची आहेत.

खेड्यातील बंधू म्हणतील, एका झाडाचे एवढे कौतुक कशास? आमच्याकडे रानच आहे. आहे खरे. पण फाल्गुन-चैत्रात पुढचे गवत चांगले येईल ह्या समजुतीने माळास आग लावतो कोण? तितर व चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, आणि त्यांचा विणीचा काळ नेमका तोच असतो. पाखराने आपला समय पाळला. आम्ही त्यावर वणवा सोडला. संदेष्ट्याचे गाऱ्हाणे येथेही लागू पडते, असे आम्हांस वाटते.

उपदेशकांस एक विनंती. येत्या आषाढात एका रविवारी उपासनेनंतर शाब्बाथ शाळेची मुले गावाबाहेरच्या विहिरीवर न्यावी. तेथे बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबत असतील. नर घरटे अर्धे विणून थांबतो. मादी येऊन तपासते, आणि तिला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो, नाहीतर दुसरे विणावयास घेतो. अशी अर्धवट सोडलेली घरटी मुलांस मोजावयास सांगावी. गलोली मात्र निघण्यापूर्वी देवळाच्या ओट्यावर काढून ठेवावयास लावाव्या.