आधी ग्रुपिंग, मग नेम

बोल्ट-ॲक्शन रायफल पारखताना पहिली गोळी कुठे लागली हे बघू नये. एखादी गोळी नशिबानेही मधोमध लागते. एकाच बिंदूवर रोखून तीन-पाच गोळ्या झाडाव्यात आणि त्या एकमेकींपासून किती लांब पडल्या ते मोजावं. हेच ग्रुपिंग.

सगळ्या गोळ्या चार बोटं डावीकडे, पण रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा पडल्या, तर रायफल चांगली. दुर्बिणीचा स्क्रू फिरवला की काम झालं. चहूकडे विखुरल्या तर कुठला स्क्रू फिरवणार? ठाम चूक सुधारता येते. चंचल चुकीवर स्क्रूचं औषध चालत नाही, आधी कारण शोधावं लागतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काडतूस बदललं, दस्त्याचे स्क्रू आवळले, चाप हलका केला आणि ग्रुपिंग सुधारलं, तर गुण कशाचा ते कधीच कळत नाही. असं यश पुन्हा मिळवता येत नाही.

घाटमाथ्यावर पहिला संशय लाकडावर घ्यावा. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटघरकडे, पाऊस मुक्कामालाच येतो. अशा हवेत लाकडी दस्ता फुगतो, नळीला टेकतो आणि उन्हाळ्यात जुळवलेला नेम श्रावणात सरकतो. म्हणून दोघांमध्ये कागदाची पट्टी सरकेल एवढी फट ठेवतात. आधार द्यावा, दाब देऊ नये.

मैदानावर नळी तापत जाते. रानात पहिली गोळी थंड नळीतून सुटते आणि बहुधा तीच शेवटची असते. वेगवेगळ्या सकाळी झाडलेल्या पहिल्या गोळ्या एकाच कागदावर जमवाव्यात. रायफलीचं खरं चारित्र्य तिथे दिसतं.

प्रत्येक गोळीनंतर बोल्टची मूठ उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. बोल्टमुळे वेळ जातो, अशी तक्रार पुष्कळांची. दोन गोळ्यांमध्ये विचाराला जागा मिळते ती तेवढीच.

गोळी कुठे लागेल, एवढंच रायफल सांगते. मारावं का, हे तिला विचारायचं नसतं. त्याचं उत्तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी दिलं आहे. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. रतनवाडी, साम्रद, घाटघरचं रान त्यातलंच. अभयारण्यात नुसतं शस्त्र घेऊन शिरायलाही लेखी परवानगी लागते. कितीही नेमकी जुळवलेली रायफल असो, कागद नसेल तर तिने वेशीबाहेर थांबायचं.

यात नेमबाजीचं काही बिघडलं नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, आणि रायफलीत एका वेळी एकच गोळी भरायची. हाताची, श्वासाची आणि नळीची याहून कडक परीक्षा कुठलं जनावर घेणार?

नेम सुधारायचा असेल तर लक्ष्यावर सुधारा. भंडारदऱ्याला याल तेव्हा दुर्बीण आणा, रायफल घरी ठेवा.