नागाला दूध कशाला?

दूध ही सस्तन आईने पिल्लासाठी केलेली सोय. साप, सरडे, कासवं, मगरी यांच्या वंशात ती कधी आलीच नाही. तरी नागपंचमीला आपण नागापुढे दुधाची वाटी ठेवतो, आणि त्यामागचा भाव खोटा नसतो. आपल्याला जे मोलाचं वाटतं तेच आपण देवाला देतो. पण समोरचा जीव आपल्यासारखा नाही, हे ओळखून त्याच्यावर माया करणं अधिक अवघड आहे.

सरपटणारे प्राणी अंडी घालतात, सस्तन पिल्लं देतात, एवढ्यावर हा फरक संपवायची आपल्याला सवय आहे. तो तिथे नाहीच. आपल्या रानातली घोणस पिल्लं देते, फुरसंही देतं. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो आणि मग पिल्लांना दूध पाजतो. मुख्य फरक आहे तो अंगातली ऊब कुठून येते, यात.

थंडीत सकाळी दगडावर ऊन खात पडलेली घोणस लांबूनच, पण नीट पाहावी. अंग जमेल तितकं चपटं करून ती उन्हाला जास्तीत जास्त कातडी देत असते. थोड्या वेळात तिचं रक्त आपल्याइतकं गरम होऊ शकतं, पण ती ऊब सूर्याची असते. आपली ऊब अन्नातून येते. सस्तन प्राण्याचं शरीर म्हणजे रात्रंदिवस पेटती ठेवलेली चूल, आणि तिला सरपण लागतंच. एवढीशी चिचुंद्री रात्रभर किड्यांमागे धावते, कारण लहान अंगातून उष्णता भराभर निघून जाते. नाग एक मोठा उंदीर गिळून आठवडेच्या आठवडे काढतो. आपण हिमालयाच्या बर्फातही जगू शकलो, त्याची किंमत रोजची भूक. नागाला थंडीत बिळात निपचित पडावं लागतं, पण त्याला रोजच्या अन्नाची चिंता नाही. यात कमी कोण, जास्त कोण, असं मला तरी म्हणता येत नाही.

अपत्यांचंही तसंच. नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच विषदंत आणि विष घेऊन. पोटात उरलेला बलक त्याला पहिले काही दिवस पुरतो. त्याला शिकवायला कुणी नसतं, आणि त्याची त्याला गरजही नसते. आपलं बाळ दात नसलेलं, असहाय. दूध आहे म्हणूनच त्याला असहाय असणं परवडतं.

इतका फरक असूनही नातं तुटलेलं नाही. सापाचा खालचा जबडा कवटीला एका लांब, सैल हाडाने टांगलेला असतो. त्याच्या जोरावर तो स्वतःच्या डोक्याहून जाड भक्ष्य गिळतो, आणि जमिनीची थरथरही त्याच हाडातून त्याच्या कानात पोचते. आपल्या वंशात हेच हाड आक्रसत मधल्या कानात गेलं. त्याला आपण ऐरण म्हणतो. शेजारचा हातोडाही मूळचा जबड्यातलाच. कार्ल राइखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३७ साली भ्रूणांच्या अभ्यासातून हे दाखवून दिलं. म्हणजे साप ही आपल्याखालची पायरी नव्हे. तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एकाच पूर्वजापासून दोन शाखा फुटल्या आणि दोन्ही आजवर टिकल्या.

गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो, कारण त्याला कित्येक दिवस पाणी दिलेलं नसतं. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते पितो. ते दूध त्याला पचत नाही. पुष्कळदा त्याचे विषदंत उपटलेले असतात, कधी तोंडही शिवलेलं असतं. दूध घरातल्या लेकरांना द्या. नागाची पूजा मातीच्या मूर्तीची किंवा पाटावर काढलेल्या चित्राची करा, आणि दारी टोपली आली तर पैसे न देता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.