निर्णय कोणाचा?

समजा, सेलूसारख्या गावातील एका गृहस्थास रक्ताचा कर्करोग जडला आहे. औषधांच्या पहिल्या फेऱ्यांनी रोग हटला असून रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही. परंतु तो परतण्याचे भय आहे. डॉक्टर सांगतात, मार्ग दोन आहेत. पहिला, औषधांवरच पुढे चालावे. दुसरा, जुळणाऱ्या दात्याच्या मूळपेशी घेऊन अस्थिमज्जेचे रोपण करावे. यात रोग समूळ जाण्याची आशा अधिक, परंतु उपचारानेच प्राण जाण्याचा धोकाही अधिक. घरची मंडळी म्हणतात, 'डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा.' डॉक्टर म्हणतात, 'निर्णय तुमचा.' हा 'तुमचा' म्हणजे नेमका कोणाचा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नाव एक असले तरी हा रोग एक नव्हे, आणि प्रत्येक वेळी असा पेच पडतो असेही नाही. दीर्घकाल चालणाऱ्या रक्तकर्करोगाच्या एका प्रकारात पूर्वी समूळ बरे होण्यास रोपणावाचून गती नव्हती. 2001 साली इमॅटिनिबची गोळी आली आणि आता बहुतेक रोगी रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षे संसार करतात. उलट, काही उग्र प्रकारांत रोपणाचाच सल्ला निःसंशय दिला जातो. आपल्या देशात हा उपचार 1983 साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी प्रथम यशस्वी केला. खरा पेच या दोन टोकांच्या मधल्या रोग्यापुढे उभा राहतो.

रोपणात तीव्र औषधांनी रोग्याची जुनी मज्जा नष्ट करतात व दात्याच्या पेशी शिरेवाटे शरीरात सोडतात. सख्खे भावंड पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक. या नव्या पेशी उरलेल्या रोगास परके मानून मारतात. पण रोग्याची त्वचा, आतडी, यकृत यांनाही त्या परके मानू शकतात. जी शक्ती तारते तीच मारूही शकते.

येथे कोणी म्हणेल, आकडे पाहावे आणि ठरवावे. परंतु आकडे शंभर रोग्यांविषयी बोलतात, आणि खाटेवर निजलेला मनुष्य एकच असतो. ज्याचे मूल अजून पाळण्यात आहे तो दीर्घ आयुष्याच्या आशेने मोठा धोका पत्करील. ज्याचे संसारकर्तव्य आटोपले आहे तो हाती असलेली दोन शांत वर्षे पणास लावणार नाही. आकडे तेच असूनही दोघांचे निर्णय उलट, आणि दोन्ही योग्य! कारण काय गमावणे आपणांस अधिक जड जाईल, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

आमच्या वर्धा जिल्ह्याशी जिव्हाळ्याचे नाते असलेल्या दोन प्रसंगांची येथे आठवण होते. 1944 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान राजवाड्यातील बंदिवासात कस्तुरबा अत्यवस्थ होत्या. देवदास गांधींनी पेनिसिलिनचा आग्रह धरला. गांधीजींनी त्या सुया टोचू दिल्या नाहीत. 22 फेब्रुवारीस बा गेल्या. त्या औषधाने त्या वाचल्याच असत्या असे म्हणवत नाही. परंतु त्या वादात आपल्या कानी येतो तो पित्याचा व पुत्राचा शब्द, बांचा नव्हे. पुढे 1982 च्या नोव्हेंबरात, सेलूच्या वाटेवरील पवनार येथे, विनोबांनी अन्न, पाणी व औषध स्वतः होऊन वर्ज्य केले आणि 15 तारखेस देह ठेवला. त्यांचे करणे कोणास पटो वा न पटो, ते त्यांचे स्वतःचे होते. नाकारणे दोन्हीकडे सारखेच. तथापि पहिल्या प्रसंगी मन अडखळते, दुसऱ्या प्रसंगी तितके अडखळत नाही. भेद आहे तो निर्णय कोणी घेतला यात.

मग जो भाऊ मज्जा देणार, जी पत्नी रात्रंदिवस उशाशी बसणार, ज्यांचे शेत गहाण पडणार, त्यांना काहीच शब्द नाही काय? अवश्य आहे. आपण काय देऊ शकतो आणि काय नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगावे. भावाने नकार दिला तरी त्यास वैरी ठरवू नये. परंतु जो जीव पणाला लागला आहे तो रोग्याचा आहे. 'तुम्हीच ठरवा' असे तो म्हणाला तर तोही त्याचाच निर्णय होय. मात्र सर्व समजल्यावर त्याने तसे म्हटले पाहिजे. आपल्याकडे प्रेमापोटी रोगाचे नावही लपवितात. ते प्रेम खरे असेल, पण रोग्याजवळचे उरलेले एकमेव स्वातंत्र्य ते हिरावून घेते.

पुढे रोपण फसले म्हणजे गाव म्हणते, 'औषधावर का नाही ठेवले?' रोग परतला म्हणजे तेच गाव म्हणते, 'रोपण का नाही केले?' फळ पाहून दिलेला हा निवाडा अन्यायाचा आहे. कारण निर्णय घेणाऱ्याच्या हाती त्या दिवसाचे ज्ञान होते, फळाचे नव्हते. घरच्यांनी स्वतःस विचारावयाचे ते इतकेच: त्यास सारे सांगितले होते काय, आणि त्याने काय म्हटले ते आपण ऐकले होते काय? याचे उत्तर होकारार्थी असेल तर दुःख उरेल, पश्चात्तापास कारण उरणार नाही.