भाकिताचे प्रामाण्य

भविष्याविषयीचे विधान आजच सत्य किंवा असत्य असू शकते काय, हा प्रश्न ॲरिस्टॉटलने उद्याच्या सागरी युद्धाच्या उदाहरणातून मांडला. ‘उद्या युद्ध होईल’ हे विधान आजच सत्य असेल, तर युद्ध करावे की टाळावे याविषयीचा सारा विचारविनिमय व्यर्थ ठरतो, आणि ते आज सत्य नसेल, तर त्याचे ज्ञान असल्याचा दावा कोणालाच करता येत नाही, असा हा पेच आहे. अमेरिकेतील ॲकॅडमी पुरस्कारांच्या, म्हणजेच ऑस्करच्या, नामांकनांविषयी दर हिवाळ्यात वर्तविली जाणारी भाकिते या पेचाच्या अभ्यासाला विशेष उपयोगी पडतात. कारण तेथे मतदानाच्या तारखा आणि मोजणीची रीत आधीपासून ठाऊक असूनही निकाल मात्र अनेकदा अनुमानाला चकवतो.

अभिनयाची नामांकने ॲकॅडमीचे सर्व सदस्य नव्हे, तर केवळ अभिनेत्यांची शाखा ठरवते. मतदार पसंतीक्रमाने नावे लिहितो आणि पाच जागांपैकी एक निश्चित होण्यासाठी एकूण मतपत्रिकांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते पुरेशी असतात. १,३०० मतपत्रिका आल्या असे धरल्यास हा आकडा २१७ होतो. अनेकांनी चौथ्या-पाचव्या क्रमांकावर लिहिलेल्या नावापेक्षा थोड्यांनी पहिल्या क्रमांकावर लिहिलेले नाव या पद्धतीत पुढे सरकते, आणि अशा थोड्यांची उत्कट पसंती बाहेरून पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही.

भाकीत करणारा जे करतो त्याला न्यायदर्शनाच्या परिभाषेत अनुमान म्हणता येईल, आणि अनुमान व्याप्तीवर, म्हणजे हेतू आणि साध्य यांच्या नियत साहचर्यावर, उभे असते. स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या अभिनेत्यांच्या संघटनेचे नामांकन हा येथील हेतू, तर ऑस्करचे नामांकन हे साध्य होय. परंतु उदयनाचार्य, गंगेश आदी नैयायिकांनी बजावले आहे की दिसणारे साहचर्य पुष्कळदा उपाधीवर, म्हणजे एखाद्या अनुल्लेखित अटीवर, अवलंबून असते. अग्नी आहे एवढ्यावरून धूर आहे असे म्हणता येत नाही, कारण धुरासाठी इंधन ओले असावे लागते. दोन्ही संस्थांच्या सदस्यांमधील सारखेपणा आणि त्या सदस्यांनी पाहिलेल्या चित्रपटांमधील सारखेपणा, ही या अनुमानातील उपाधी होय.

ही उपाधी किती निसटती असते हे २०२३ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी गिल्डने ज्या पाच अभिनेत्रींना प्रमुख भूमिकेसाठी नामांकन दिले, त्यांपैकी व्हायोला डेव्हिस आणि डॅनिएल डेडवायलर यांची नावे ऑस्करच्या यादीत आली नाहीत; उलट ‘टू लेस्ली’ या, चित्रपटगृहांत जेमतेम २७ हजार डॉलर कमावलेल्या चित्रपटासाठी अँड्रिया राइजबरो यांना गिल्ड, गोल्डन ग्लोब किंवा बाफ्टा या पुरस्कारांपैकी एकाच्याही नामांकनाचे पाठबळ नसताना नामांकन मिळाले. मतदान १२ ते १७ जानेवारी या काळात झाले. त्याच सुमारास अनेक नामवंत अभिनेते राइजबरो यांच्या कामाची जाहीर प्रशंसा करीत होते आणि केट ब्लँचेट यांनी दुसऱ्या एका सोहळ्यात पुरस्कार स्वीकारताना त्यांचे नाव घेतले. या प्रचाराची ॲकॅडमीने चौकशी केली, काही प्रकारांविषयी चिंता व्यक्त केली, पण नामांकन कायम ठेवले. वगळल्या गेलेल्या दोघी कृष्णवर्णीय असल्यामुळे कोणाच्या पाठीशी ओळखीचे वर्तुळ उभे राहते आणि कोणाच्या नाही, हा प्रश्नही त्या वेळी रास्तपणे विचारला गेला.

यातून भाकिताचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. १७ जानेवारीला मतदान संपले आणि २४ जानेवारीला यादी जाहीर झाली. मधल्या दिवसांत निकाल निश्चित होता, फक्त अज्ञात होता, त्यामुळे तेव्हाचे भाकीत घडून गेलेल्या गोष्टीविषयीचे अनुमान होते आणि त्याच्या खरेखोटेपणाने त्या गोष्टीत फरक पडणार नव्हता. १७ तारखेपूर्वी उच्चारलेले तेच वाक्य मात्र मतदाराच्या कानावर पडू शकत होते. भाकितामुळे भाकीत केलेल्या घटनेवरच होणाऱ्या अशा परिणामाला तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी ईडिपसच्या कथेवरून नाव दिले. त्या कथेत भविष्यवाणी टाळण्याच्या धडपडीतूनच ती खरी ठरते. ऑस्करच्या मतदाराला सर्व चित्रपट पाहणे शक्य नसते, आणि चर्चेतील नावे कोणती हे कळल्यावर तो तेच चित्रपट आधी पाहतो. म्हणजे भाकीत करणारा येथे निव्वळ साक्षी राहत नाही, तो कारणसामग्रीचा भाग बनतो.

अवधान असे विषमपणे वाटले जाते याची जाण मराठी समाजाला ‘श्वास’च्या वेळी आली. २००४ चा हा मराठी चित्रपट ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला, तेव्हा अमेरिकेतील प्रसिद्धीच्या खर्चासाठी महाराष्ट्रात लोकांकडून निधी गोळा करावा लागला आणि तरीही नामांकन मिळाले नाही; कलाकृती परीक्षकाच्या नजरेसमोर येणे हीच तिच्या गुणवत्तेपूर्वीची पायरी असते, हे त्यातून दिसले.

म्हणून मतदानापूर्वीच्या भाकिताचे मोल केवळ ते अचूक निघाले की नाही यावरून ठरविता येणार नाही. आधीच गाजलेली पाच नावे पुन्हा लिहिणारा बहुधा बरोबर ठरतो, परंतु त्याच्या बरोबर ठरण्यात त्याच्या लिहिण्याचाही वाटा असतो, आणि जे स्वतःच्या उच्चाराने अंशतः घडविले त्याला निखळ ज्ञान म्हणणे योग्य नाही. ज्याचे शब्द इतरांचे लक्ष वळवू शकतात, त्याने कोण जिंकणार हे सांगताना कोणाचे काम पाहिलेच गेलेले नाही हेही सांगावे. सागरी युद्धाविषयी बोलणारा स्वतः सेनापतींच्या सभेत बसलेला असेल, तर ‘युद्ध होईल’ हे त्याचे विधान वर्तमानातील कर्म असते आणि त्याची जबाबदारी त्याला टाळता येत नाही.