किडनीच्या डॉक्टरांचा नंबर लावण्याआधी

बीबी, ता. लोणार

चि. बाळास,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी एसटीत होतो, नीट बोलणं झालं नाही. अक्काचे पाय सुजलेत म्हणून तू संभाजीनगरला किडनीच्या डॉक्टरांचा नंबर लावलास. आईसाठी तुझा जीव तुटतो, ते कळतं. पण आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय: गाडीभाडं जितकं जास्त, डॉक्टर तितका मोठा. तीस वर्षं औषधांच्या खिडकीमागे बसून मी या समजाची किंमत लोकांना मोजताना पाहिली आहे.

काल मी अक्काला आणि तिच्या गोळ्यांच्या पिशवीला घेऊन गावातल्या आपल्या एमबीबीएस डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी पिशवी टेबलावर रिकामी केली. हृदयाच्या डॉक्टरांनी बीपीसाठी दिलेल्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर अ‍ॅमलोडिपिन आहे. पुढे चक्कर येते म्हणून तू तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलंस; तिथे बीपी वाढलेला दिसला आणि त्यांनीही अ‍ॅमलोडिपिनच लिहिलं, फक्त कंपनीचं नाव निराळं. अक्का इमानेइतबारे दोन्ही खात होती. या औषधाने पायांना सूज येऊ शकते, डोस वाढला की जास्तच. त्या दोघांना दोष देता येत नाही. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवलीच कुणी? आणि मलाही पिशवी उघडेपर्यंत पत्ता नव्हता, याची लाज वाटते. तिसरीकडे गेलो असतो, तर सूज उतरवायला लघवीची गोळी मिळाली असती, आणि तिच्यामुळे कदाचित पुन्हा चक्कर. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. क्रिएटिनिन आणि लघवी तपासली, दोन्ही ठीक आहेत.

तज्ज्ञ एकच अवयव खोलवर जाणतो, म्हणूनच तो हवा असतो. पण माणूस काय खातो, कुठे राबतो, घरात काय चाललंय, हे विचारणारा एक डॉक्टर आधी लागतो. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर नुसती एमबीबीएसची पदवी घेऊन महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी दवाखान्यात गेले. विंचू चावलेली माणसं हृदय थकून मरत होती, ती त्यांनी उशाशी बसून पाहिली. प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने ती वाचतात, हे त्यांचं निरीक्षण १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२५ च्या सुरुवातीला आपल्याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांना झपाट्याने टक्कल पडू लागलं, तेव्हाही त्यांनी बोट दाखवलं ते रोजच्या पोळीच्या गव्हातल्या सेलेनियमकडे.

सोमठाण्याचं तर तुला आठवत असेल. फेब्रुवारी २०२४, एकादशीचा प्रसाद आणि शेकडो लोकांना उलट्या-जुलाब. आपल्या बीबीच्या दवाखान्याबाहेर दोऱ्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. खाटा नव्हत्या, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. पण त्या रात्री पोटविकारतज्ज्ञ नको होता. शिरेत सुई घालणारे हात हवे होते.

मात्र सगळंच गावात निभतं, असं समजू नकोस. छातीत दाटून घाम फुटला, तोंड वाकडं झालं, एक हात गळाला किंवा जीभ अडखळली, तर आमच्या डॉक्टरांची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा, आणि लकव्याची लक्षणं असतील तर सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. साप चावला तर उलटं: मोठं शहर शोधू नये, प्रतिविष असलेला जवळचा सरकारी दवाखाना गाठावा. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, अंगावर नवी गाठ आली, वजन विनाकारण उतरू लागलं, तर आपणच म्हणायचं, ‘साहेब, चिठ्ठी द्या, पुढे दाखवतो.’ भला डॉक्टर यावर रुसत नाही. रुसला, तर तो डॉक्टर बदलावा.

आणि पुढे जाताना हातात तीन गोष्टी असू दे: ती चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्या, अगदी गुडघ्यासाठी गुपचूप घेतलेल्यासुद्धा. काय विचारायचंय तेही चिठ्ठीत लिहून घे. ‘चक्कर येते’ एवढ्यावर कान, मान, मेंदू आणि हृदय असे चार दरवाजे उघडतात, नि चारही ठिकाणी फी असते.

किडनीच्या डॉक्टरांचा नंबर सध्या रद्द कर. आठ दिवसांनी आपले डॉक्टर सूज आणि बीपी पुन्हा बघणार आहेत, सूज राहिली तर ते स्वतःच चिठ्ठी देतील. पण एक नंबर लावच. अक्काच्या साखरेला नऊ वर्षं झाली आणि तिच्या डोळ्यांचा पडदा आजवर कुणी तपासलेला नाही. ‘मला सुईत दोरा ओवता येतो, मग कशाला?’ असं ती म्हणेल. तिचं ऐकू नकोस. दिसणं शाबूत असतानाच ही तपासणी करायची असते, आणि ती डोळ्यांच्याच डॉक्टरांनी. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. चिठ्ठी मी आणून ठेवली आहे, देवघरातल्या डब्यात आहे.

तुझा,
मामा